अर्धा श्रावण

बाळकृष्णराव पाटणकरांना कुणी दारुडा म्हटलं असतं, तर चिपळूणपासून मनीमाजऱ्यापर्यंत सगळे ओळखीचे त्या म्हणणाऱ्याच्याच अंगावर धावून गेले असते. आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नसतं. दारुडा कसा असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो गटारात लोळतो, बायकोवर हात टाकतो, पगाराच्या दिवशी घरी येत नाही. बाळकृष्णराव यातलं काहीएक करत नसत. चंदीगडजवळच्या डेराबस्सीत एका औषध कारखान्यात ते क्वालिटीचे मॅनेजर होते. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर असत, आणि गोळीच्या कडेला जरासा टवका उडालेला दिसला तर अख्खी बॅच अडवून धरत. असा माणूस दारुडा कसा असेल? हाच प्रश्न तेही स्वतःला विचारत, आणि उत्तर त्यांना नेहमीच सोयीचं मिळे.

चिपळूणजवळच्या लोटे एमआयडीसीतला त्यांचा आधीचा कारखाना बंद पडला तेव्हा ते पन्नाशीला आले होते. त्या वयाच्या माणसाला ज्यांनी पहिल्यांदा दार उघडलं, ते हे पंजाबातले लोक. चारुशीलाबाई चिपळूणला शाळेत शिकवत होत्या, पेन्शनला थोडी वर्षं उरली होती, आणि मुलगी आश्लेषा कॉलेजात होती. तेव्हा मायलेकी तिकडेच राहिल्या आणि बाळकृष्णरावांनी चंदीगडच्या मनीमाजऱ्यात एका सरदारजींच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. दिवस कारखान्यात निघून जाई. संध्याकाळ मात्र जाता जात नसे. खाली बाजारात समोसे तळले जात, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत, ज्याला त्याला आपापलं माणूस होतं. यांच्याशी बोलायचं कुणाला काही कारणच नव्हतं. हिंदी त्यांना कामापुरती येई, पंजाबी हसण्यापुरती. कुणाची थट्टा करावी, कुणाला चिमटा काढावा, तर ती सगळी बोली कोकणात राहिलेली. कुलूप काढून आत शिरलं की घर खायला उठे.

मग एक दिवस येताना त्यांनी ठेक्यावर गाडी थांबवली. तिकडे दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात, आणि तिथे जायला कुणी तोंड लपवत नाही. बाटली आणली ती त्यांनी बायकोपासूनही लपवली नाही.

"इथे बोलायला माणूस नाही गं," ते फोनवर म्हणाले. "दोन घोट घेतले की जरा झोप लागते."

"घ्या बापडे," चारुशीलाबाई म्हणाल्या. "पण बेतानं."

नवऱ्याला हजार कोस दूर एकटं टाकल्याची बोच त्यांच्या मनात होती, म्हणून त्यांनी जास्त काही विचारलं नाही. बाळकृष्णरावांनीही जास्त काही सांगितलं नाही. दोन घोटांचे दोन पेग कधी झाले, आणि दोन पेग मोजायचा ग्लास हळूहळू मोठा कसा झाला, हे सांगण्यासारखं थोडंच असतं?

घरमालक सरदारजी स्वतः शौकीन होते. रविवारी गच्चीवर त्यांची चौकडी जमे आणि ते जिन्यातून हाक मारत, "आओ जी पाटणकर साब." सुरुवातीला बाळकृष्णराव जात. सरदारजी त्यांच्या दुप्पट पीत, मोठमोठ्याने हसत, शेतातल्या रेड्यांच्या गोष्टी सांगत आणि मग जेवून घोरायला लागत. त्यांच्या मानाने आपण अगदीच सोवळे, असं बाळकृष्णरावांना वाटे. पुढे त्यांनी जाणंच सोडलं. कारण विचाराल तर, तिथे बोलणं फार आणि ग्लास भरणं सावकाश. बोलायला माणूस नाही म्हणून पिणारा हा गृहस्थ, माणसं पिण्याच्या आड येतात म्हणून एकटा बसू लागला. ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नाही, किंवा आली असेल तर त्यांनी तिला आल्या पावली परत पाठवलं.

कारण त्यांच्यापाशी एक हुकमाचं पान होतं. ते श्रावण पाळत. घराण्याची रीतच होती ती, वडीलही पाळत. श्रावणात थेंब नाही म्हणजे नाही. "ज्याला दारूची सवय लागलीय तो महिनाभर सोडू शकेल का?" असं ते चारुशीलाबाईंना विचारत. त्या बिचाऱ्या म्हणत, नाही बाई. झालं, परीक्षा पास.

आता या परीक्षेतली एक गंमत सांगायला हवी. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीच्या दिवशी संपूनही जातो. कारखान्यातले हरियाणाचे शर्माजी सावन लागला की म्हणत, "पाटणकर जी, अब बंद." त्यावर बाळकृष्णराव ठामपणे सांगत, "आमचा अजून लागला नाही." ते खरंच होतं. पण राखीला शर्माजी मोकळे होत, आणि यांचे पंधरा दिवस बाकी असत. पहिल्या वर्षी ते त्यांनी दात आवळून काढले. दुसऱ्या वर्षी त्यांना वाटलं, ज्या गावात राहायचं त्या गावचं पंचांग मानावं. तेव्हापासून त्यांचा श्रावण चिपळूणच्या पंचांगाने लागे आणि चंदीगडच्या पंचांगाने संपे. एवढ्या हिशेबी माणसाला कोण दारुडा म्हणेल?

अशात यंदा आश्लेषाला चंदीगडच्या युनिव्हर्सिटीत एमएस्सीला प्रवेश मिळाला. फोन आला तेव्हा बाळकृष्णराव खुर्चीतून उठून उभे राहिले. हॉस्टेलच्या यादीत तिचं नाव होतं, पण ती म्हणाली, "मी बाबांजवळ राहणार." त्या रात्री त्यांनी दुसरी खोली स्वतः झाडली, पडदे धुतले, बाजारातून तिच्यासाठी टेबल आणलं. इतक्या वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. आता घरात माणूस येणार, आता प्यायची गरजच काय, हे ते अगदी मनापासून म्हणाले.

ती आली ती आपला श्रावण लागला त्याच सुमाराला. पहिले काही दिवस त्यांचं अंग घामाने भिजे, झोप धड लागत नसे, आणि चहाचा कप बशीवर किणकिणे. त्याचा दोष त्यांनी चंदीगडच्या दमट हवेला दिला. मग हळूहळू बरं वाटू लागलं. आश्लेषा बोलकी होती. प्रोफेसरांच्या नकला करी, खालच्या सरदारणीकडून पराठे शिकून येई, बापाला म्हणे, "बाबा, तुम्ही घोरता तेव्हा सरदारजींचं कुत्रं भुंकतं." बाळकृष्णराव खो खो हसत. आपलं हसणं आपल्याला इतकं अनोळखी झालं होतं याचं त्यांना वाईट वाटे.

राखी झाली. शर्माजींचा सावन संपला, आणि सवयीप्रमाणे बाळकृष्णरावांचाही. आश्लेषाचा मात्र चालूच होता. ती चिपळूणचं पंचांग घेऊन आली होती आणि तिला दुसरं कुठलं माहीत नव्हतं. संध्याकाळ झाली की बाळकृष्णरावांना काही सुचेनासं होई. ती बोलू लागली की ते घड्याळाकडे बघत. भाजीत मीठ कमी, दिवा का चालू ठेवला, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. तिचं झोपणं उशिराचं, त्यामुळे ती झोपल्यावर घ्यावी तर तोही मार्ग बंद.

नंतरच्या सोमवारी कारखान्यातून परतताना गाडी आपसूक ठेक्यावर थांबली. घरात नको, पोर आहे, एवढी लाज त्यांना होती. म्हणून त्यांनी घराच्या मागच्या गल्लीत एका बागेशेजारी गाडी उभी केली आणि काच वर करून प्लॅस्टिकच्या पेल्यात ओतून घेतली. आश्लेषाचा फोन आला, तेव्हा "ट्रॅफिकमध्ये आहे, येतोच," म्हणाले. पुन्हा आला, तेव्हा उचललाच नाही. मग मूठभर बडीशेप चावून ते घरी गेले.

दार उघडताच उदबत्तीचा वास आला. श्रावणी सोमवार होता. दोघांनी सकाळी उपास धरला होता, हे ते साफ विसरले होते. आश्लेषाने घरून आणलेले कडवे वाल भिजवून, मोड आणून, दुपारी एकेक सोलून बिरडं केलं होतं. ज्यांनी वाल सोलले आहेत त्यांना ठाऊक आहे, ते काम माया असल्याशिवाय होत नाही. वरणभात, बिरडं, खीर, दोन ताटं वाढून समोर निरांजन लावून ती सकाळपासून उपाशीपोटी बापाची वाट बघत बसली होती.

"चला बाबा, पटकन हातपाय धुवा. भुकेनं जीव चाललाय माझा."

बाळकृष्णराव दारातच उभे राहिले. त्या तोंडाने त्या ताटावर बसायचं त्यांच्याने झालं नाही.

"पोट बिघडलंय गं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तू जेवून घे."

ते खोलीत जाऊन आडवे झाले. बाहेर ती एकटीच जेवत होती, भांड्यांचा अगदी हलका आवाज येत होता. थोड्या वेळाने ती ओवा आणि गरम पाणी घेऊन आली. त्यांनी तोंड उशीत खुपसून हात पुढे केला. तिला वास आला की नाही, ते त्यांना कधीच कळलं नाही. तिच्या पावलांचा आवाज दूर गेल्यावर त्यांना रडू आलं.

इथे कुणालाही वाटेल की माणूस आता शुद्धीवर येईल. पण मन मोठं लबाड असतं. रात्रभर तळमळून त्यांना उपाय सुचला तो असा, की पोरीने हॉस्टेलवर राहावं. दारू जायला हवी, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी त्यांनी विषय काढला. येण्याजाण्यात वेळ जातो, लायब्ररी उशिरापर्यंत उघडी असते, मैत्रिणी होतील.

"मला काही त्रास नाही हो. एक बस तर आहे."

"आज नाही त्रास. हिवाळ्यात इथे धुकं पडतं, हाताला हात दिसत नाही. तुला नाही माहीत." श्रावणात बसून ते पौषातल्या धुक्याची काळजी करत होते.

"माझं काही चुकलं का, बाबा?"

"छे, छे. तुझं काय चुकायचंय?"

"तुम्ही एकटे पडाल ना पण."

"मला सवय आहे," बाळकृष्णराव म्हणाले.

यादीतली जागा अजून भरली नव्हती. येत्या शनिवारीच त्यांनी तिचं सामान गाडीत घातलं, हॉस्टेलच्या दाराशी उतरवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती आत जाईपर्यंत हसत होती. परतताना त्यांनी ठेक्यावर गाडी थांबवली. घरी येऊन पाय पसरून बसले, ग्लास भरला, आणि तेवढ्यात चारुशीलाबाईंचा फोन आला.

"पोचली का नीट?"

"पोचली."

"आणि तुम्ही? जेवलात?"

"जेवेन."

चारुशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आश्लेषा सांगत होती, बाबांनी माझ्या सोयीसाठी स्वतःचं मन मारलं म्हणून. मला फार वाईट वाटलं हो. चार दिवस घरात माणूस होतं, तेही तुम्ही लेकीच्या भल्यासाठी सोडलंत. हे बघा, श्रावण असू दे. फार एकटं वाटलं तर घ्या आज दोन घोट. मी काही म्हणणार नाही."

इतकी वर्षं याच मायेवर त्यांनी आपलं पिणं पोसलं होतं. आज मात्र ती ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या खोलीत टेबल होतं, धुतलेले पडदे होते, आणि तिथे कुणी नव्हतं. तिथे कुणी असू नये, ही तजवीज त्यांनी स्वतः केली होती.

"चारू," ते म्हणाले, "मी मनबिन काही मारलं नाही."

"म्हणजे?"

"ती घरात असली की मला पिता येत नाही. म्हणून मी तिला घालवली."



"पण तुम्ही तर म्हणायचात," चारुशीलाबाई म्हणाल्या, "घरात कुणी नाही म्हणून पिता."

"हो," बाळकृष्णराव म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं."