न फिरवलेली किल्ली

गहिनीनाथ पेनाला टोपण लावत नसे. सायकलला कुलूप नाही, सदऱ्याचं वरचं बटण नाही, टेबलाचा खण कायम उघडा. तो शनिशिंगणापूरचा. तिथल्या घरांना दारं नसतात, यावर माझा विश्वास नव्हता. गहिनी भेटल्यावर तो बसला.

आम्ही दोघं कामाला होतो त्या साखर कारखान्यात टेबलावर मावेल असं गणकयंत्र आलं आणि गहिनीला उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावरून उचलून त्यापुढं बसवलं.

"जमलं तर खुर्ची तुझी. नाहीतर परत काटा," मुख्य हिशेबनीस राधाकृष्णसाहेब म्हणाले.

गहिनीला ती खुर्ची फार हवी होती. तिला चाकं होती.

यंत्राच्या पाठीमागं खटके होते. मेमरीतली किती जागा आकड्यांना, किती सूचनांना, ते खटक्यांनी ठरवायचं. मग एकेक बटण दाबून सूचना भरायच्या. शेवटी बाजूची छोटी किल्ली फिरवायची. मग कुणाचं बोट लागलं तरी मेमरी पुसली जात नसे.

गहिनी किल्ली फिरवत नसे. सकाळी यंत्र चालू करून तो चहाला जाई. झाडूवाली भीमाबाई बटणांवर फडकं मारी. तो येईपर्यंत मेमरी कोरी.

"अरे, किल्ली फिरव की!" मी म्हणालो.

"कुलूप लावलं म्हंजे देवावर इस्वास न्हाई, असं हुतं. बी.ए. झालास, येवढं कळंना व्हय?"

"हे यंत्र आहे. घर नाही."

"आत कायतरी ऱ्हातंय ना? मंग घरच की."

मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो.

शनिवारी संचालक यंत्र बघायला येणार होते. शुक्रवारी गहिनीनं सगळं पुन्हा भरलं आणि यंत्रावर शनिदेवाची तसबीर ठेवली.

"आता कोन हात लावतंय, बघू."

सकाळी यंत्र चालू करून तो चहाला गेला. भीमाबाईनं तसबीर पाहिली. देवाची जागा म्हणून दोनदा पुसली.

संचालक आले. गहिनीनं बटण दाबलं. यंत्रानं दाखवलं: आजचं गाळप शून्य.

"म्हंजे कारखाना बंद हाय का?" एका संचालकांनी विचारलं.

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "माझ्यासमोर भर. माझ्यासमोर किल्ली फिरव. खुर्ची तुझी."

गहिनीनं दुपारपर्यंत सूचना भरल्या. किल्ली भोकात घातली. तिच्यावर बोटं ठेवून बसला. मग खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठला.

"साहेब, काट्यावर गाड्या खोळंबल्या असत्याल."

तो गेला. साहेबांनी स्वतः किल्ली धरली. तसबिरीकडं पाहिलं. हात काढून घेतला.

"आज शनिवार आहे," ते म्हणाले. "सोमवारी बघू."

सोमवार बरेच गेले. किल्ली भोकातच आहे. फिरवायची राहिली आहे.