आत्या की मावशी?

श्रीधर भाऊजी गेल्याची बातमी घेऊन आलेला माणूस दुपारभर आमच्या मुलुंडच्या घरात बसून होता, आणि ती बातमी त्याने मला सांगितली नाही. दारात उभं राहून विचारलं, घरात पुरुषमाणूस कोणी आहे का? म्हटलं, हे फोर्टातून संध्याकाळी येतील. मग थांबतो म्हणाला. ह्यांच्याकडे काही काम असेल असं वाटून मी चहा दिला, आणि थालीपिठाचं पीठ भिजवता भिजवता मीच त्याला सांगत होते, की माझे धाकटे दीर आज घाटकोपरला उतरून येणार, त्यांना उशीर होईल. त्याने नुसती मान हलवली... तो भाऊजींच्या ऑफिसातला कारकून होता. भाऊजी सकाळीच टेबलाशी बसल्या बसल्या गेले होते. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

गेल्या महिन्याभरात भाऊजींविषयी पुष्कळ बोललं गेलं. शोकसभेत एक वक्ते म्हणाले, ऑफिस सांभाळून त्यांनी चिनी कादंबरीचा छंद जोपासला. छंद! माणूस डोळे फुटेस्तोवर एकेक पान पाचपाचदा लिहितो, लग्नाचा विषय काढला की घाईघाईने दौत शोधायला लागतो, आणि याला म्हणे छंद.

सुरुवात इंग्रजीवरून झाली. फुटपाथवर मिळालेलं जाडजूड पुस्तक, जुन्या चिनी घराण्याची गोष्ट. भाऊजी रात्रीच्या जेवणानंतर मराठीत उतरवत आणि मला वाचून दाखवत. एका प्रकरणात एक म्हातारी त्या घरी राहायला येते आणि भरल्या ताटावरून उठून रडते. तिथे ते अडले. मला विचारलं, “वहिनी, ही आत्या की मावशी?” म्हटलं, पुस्तकात काय आहे? तर ‘आंट’. मामी असो, काकू असो, इंग्रजांना सगळ्या आंटच.

मी म्हटलं, “आत्या असेल तर ती माहेरी आलीय, तिचा हक्कच आहे रडायचा. मावशी असेल तर बिचारी पाहुणी, तिने असं ताटावरून उठणं बरं दिसत नाही. हे कळल्याशिवाय तुम्ही पुढे लिहूच नका भाऊजी.”

त्यांनी खरंच लिहिलं नाही. त्या एका म्हातारीपायी हा माणूस चिनी शिकला. घाटकोपरला एक चिनी दातांचे डॉक्टर होते. पहिल्यांदा भाऊजी धडधाकट दाढ दाखवायला गेले, आणि मग ऑफिसातून परतताना दवाखाना बंद व्हायच्या वेळी जाऊन बसायला लागले. डॉक्टरांनीच कलकत्त्याहून मूळ पुस्तक मागवून दिलं. हे चिडवायचे, चिनी शिकतोय की दात काढायला? काही वर्षांनी एका संध्याकाळी भाऊजी चपला न काढताच स्वयंपाकघरात आले. “वहिनी, आत्या! बापाची धाकटी बहीण.” त्यांच्या भाषेत आपल्याहून बारीक नाती आहेत म्हणाले, थोरल्या काकूला वेगळा शब्द आणि धाकटीला वेगळा. मग आधीचं सगळं बाजूला ठेवून मूळ पुस्तकावरून पहिल्या पानापासून नव्याने लिहायला बसले. गेले तेव्हा ती कादंबरी पुरी करून दुसरी हातात घेतली होती.

चीनशी दोस्तीच्या सभा गल्लोगल्ली व्हायला लागल्या तेव्हा गिरगावातल्या एका प्रकाशकांना भाऊजींची आठवण झाली. बाड वाचून त्यांनी सांगितलं, निम्मं करा, नावं मराठी करा, आणि नात्यांचा तो गुंता काढून सगळ्या बायकांना काकू करून टाका. मराठी वाचकाला त्याच्याशी काय देणंघेणं? आणि असं आपल्याला सांगतात! लग्नपत्रिकेत मामाचं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली गेलं तर वर्षानुवर्षं येणंजाणं बंद ठेवणारी माणसं आपण. भाऊजींनी वाद घातला नाही. बाड उचललं आणि घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि प्रकाशकांना जे ऐकवायचं होतं ते मी भांड्यांना ऐकवलं.

तेच प्रकाशक शोकसभेत पहिल्या रांगेत. कादंबरीची सुटसुटीत आवृत्ती काढू म्हणाले. आमच्या ह्यांनी मला न विचारता तिथल्या तिथे होकार दिला. घरी आल्यावर मी भांडले. हे म्हणाले, “अगं, नाव तरी राहील त्याचं. नाहीतर ते कागद वाळवी खाईल.” मी विचारलं, “नाव भाऊजींचं आणि पुस्तक दुसऱ्याचं, हे चालेल तुम्हाला?” हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

उद्या, सोमवारी, प्रकाशकांचा माणूस बाड न्यायला येणार आहे. माळ्यावरच्या ज्या पेटीत ते आहे असं सगळे समजतात, तिच्यात मी जुनी पंचांगं भरून ठेवली आहेत. बाड या घरात नाही. कुठे आहे ते इथे लिहिणार नाही. जसं आहे तसं, आत्येला आत्या ठेवून छापणारा कोणी भेटला तर त्याने माझ्याकडे यावं. माझ्याकडे, असं मुद्दाम लिहितेय.

ज्या रविवारच्या पेपरासाठी मी हे लिहितेय, तो आमच्याकडे आधी हे वाचतात. भाऊजी खिडकीतल्या ज्या खुर्चीत लिहायला बसत, तिच्यात हल्ली हे बसतात, आणि बसण्याआधी तिच्या झिजलेल्या हातावरून एकदा हात फिरवतात. मी पाहिलंय. भाऊ ह्यांचाही गेलाय, एवढं मला कळतं... पण ऐकणार नाही.

अहो, वाचून झालं असेल तर पेपर खाली घ्या. मी समोरच बसलेय.