डुकरांच्या शेडखालची विहीर

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझं लग्न झाल्यापासून सासूशी वाजतंय. मिठावरून, चुलीवरून, पोरीच्या वेण्यांवरून. पण आमचं खरं भांडण झालं ते पाण्यावरून.

आमचं गाव कुरुंद्याजवळ. घर शेतातच, आणि दारासमोर विहीर. ती सासू-सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं खणलेली. सासरे पहार चालवायचे, सासू टोपल्यानं माती वर काढायची. गावच्या विहिरीवर तेव्हा आमच्या माणसांना घागर लावू देत नव्हते, म्हणून ही सगळी खटपट. पुढं एका दुष्काळात गावातलं पाणी आटलं आणि अख्खं गाव आमच्या विहिरीवर आलं. पाटलाच्या घरची म्हातारीसुद्धा आली. सासू येईल त्याला ओंजळ धरून दाखवायची, "अशी गटागटा प्याली माय, अन् तोंड पुसून म्हणली, गोड हाय वं तुमचं पाणी!" दुसऱ्या बायका दागिने दाखवायच्या, आमची सासू ही ओंजळ दाखवायची.

मग वरच्या माळावर शहरातल्या एका माणसानं डुकरांची शेडं टाकली. लांबच लांब पत्र्याची, आत पांढरी डुकरं, हलायलाही जागा न्हाई. गावातल्या चार पोरांना काम मिळालं, तेव्हा आम्हीही म्हटलं, बरं झालं. शेडं रोज धुतात. ती सगळी घाण मागच्या खड्ड्यात सोडतात. खड्डा कच्चा, आणि माळाचा उतार सरळ आमच्या विहिरीकडं. कुणाच्या तरी डोक्यात यायला पाहिजे होतं. आमच्याही आलं न्हाई.

आधी नुसता वास आला. दिवेलागणीला वारा पडला की घसा जळायचा. उन्हाळ्यात दारं लावून जेवायचो आम्ही, घामानं चिंब. शिजवलेली हळद वाळत घातली की माशांनी काळी दिसायची. सासूला खोकला लागला तो लागलाच. मग एका पावसाळ्यानंतर हंड्यातलं पाणीच वास मारायला लागलं. माझ्या पोरीला जुलाब झाले, थांबले की पुन्हा व्हायचे. लेकरू पार वाळून गेलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं पाणी तपासायला नेलं आणि नंतर सांगितलं, हे पाणी प्यायचं न्हाई, उकळूनसुद्धा न्हाई.

मी ग्रामसभेत जाऊन चांगली भांडले. शेडवाला आला, हात जोडले, खड्डा पक्का करतो म्हणाला. खड्ड्याभोवती चुन्याची पावडर टाकली आणि गेला. झालं! पोरगी माझी, तिला काय चुना पाजू?

मी प्यायला विकतच्या पाण्याचा जार लावला. पोरगी हळूहळू सुधारली. पण सासू काही ऐकेना.

"आत्या, जारचं घ्या."

"काहून? माझ्या इहिरीला काय झालं?"

"वास येत न्हाई का तुम्हाला?"

"मला न्हाई येत." आणि खोकत खोकत तांब्या तोंडाला लावायची. अस्सा राग यायचा मला! रागामागं भीतीच होती, ती मरून जाईल याची.

अशात पाटलाची सून आमच्याकडं आली. ओंजळीनं पाणी प्यायलेल्या त्या म्हातारीची ही सून. नातवाच्या बारशाचं आवतण द्यायला आली होती. सासूनं लगबगीनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. बाईनं पदर नाकाशी नेला आणि म्हणाली, "नको नको, आत्ताच चहा घेऊन निघाले." तांब्याला हात लावला न्हाई. गेली.

सासू कितीतरी वेळ त्या तांब्याकडं बघत बसली. मी म्हटलं, "आत्या, मनाला लावून घेऊ नका. वासामुळं नको म्हणल्या त्या. दुसरं काही न्हाई."

"तुला काय ठाऊक?" ती म्हणाली. "गावची इहीर आपल्याला बंद होती तवाबी असंच म्हणायचे. आत्ताच चहा घेतला म्हणायचे."

मी तांब्या उचलून आत नेला.

त्या दिवसापासून सासूनं विहिरीचं पाणी कुणापुढं ठेवलं न्हाई. स्वतः मात्र तेच प्यायची. मी मनात ठरवूनच टाकलं की त्या बाईला एकदा आपल्या घरी पाणी पाजायचंच. ती पुन्हा आली, हळद शिजवायची आमची पाळी कधी आहे ते विचारायला. मी पळत जाऊन जारचं गार पाणी आणलं, काचेच्या ग्लासात. बाईनं ग्लास घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. वर म्हणाली, "ऊन लई झालंय." चांगली बाई हो, उगाच कशाला नाव ठेवू.

ती फाटकाबाहेर पडली न पडली तोच मी सासूकडं वळले. "बघितलं का आत्या? प्याल्या की! मी म्हटलं नव्हतं?"

सासूनं रिकामा ग्लास उचलला, विसळला आणि पालथा घातला.

"जारचं प्याली," ती म्हणाली. "आपलं कुठं प्याली?"

मग तिनं मलाच ग्लासभर जारचं पाणी मागितलं. मी दिलं. तिनं ते औषधासारखं डोळे मिटून घेतलं, आणि त्यानंतर ओंजळीची ती गोष्ट तिनं कुणाला सांगितली न्हाई.