विहिरीतलं ऊन आणि दिल्लीतली सावली

आमचे गुरुजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या सावलीकडे. कुरुंद्याच्या रस्त्यात कुणी रामराम घातला की खाली बघून म्हणायचे, "साडेधा झाले व्हय?" मनगटावर घड्याळ होतं, पण त्याला विचारतो कोण!

या वेडाचं मूळ एरॅटोस्थेनिस. नाव जिभेवर चढेना म्हणून गुरुजी त्याला 'विहिरीवाला बाबा' म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा इजिप्तमधला ग्रंथपाल. दक्षिणेकडच्या एका गावात वर्षातून एकदा भर दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाला पोचतं, असं त्याच्या कानावर आलं. त्याच वेळी आपल्या शहरात सावली पडते, ती त्यानं मोजली आणि ती सावली नि दोन गावांमधलं अंतर एवढ्यावरून अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. "घर सोडलं न्हाई की बोटीत बसला न्हाई," गुरुजी अशा थाटात सांगत, जणू बाबा त्यांच्या भावकीतलाच.

मे महिन्यात आमच्याकडेही एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सुट्टी असूनही गुरुजी त्या दिवशी वर्गाला विहिरीवर जमवत आणि ओळंबा लावून एक मीटरचा गज रोवत. सव्वाबाराच्या सुमारास गजाची सावली नाहीशी व्हायची आणि खाली पाणी लखलखायचं. एका वर्षी ढग आले. मी शहाणपणानं वहीत शून्य लिहून टाकलं. गुरुजींनी ते खोडायला लावलं. "माप घेतलं न्हाई तर रकाना रिकामा सोड. त्यात लाज काहून वाटून राहिली तुला?"

पुढे मी नोकरीसाठी दिल्लीला आले. दिल्ली कुरुंद्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे हे नकाशात बघून गुरुजी लेकरासारखे हरखले. मग दरवर्षी त्या दुपारी फोन. ते विहिरीवर, मी गच्चीवर गज रोवून उभी. "किती भरली?" "सोळा सेंटीमीटर, गुरुजी." तासाभरात ते पृथ्वीचा घेर कळवत.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तरी विहीर सुटली नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आत डोकावून ओरडायच्या, "आलं ऊन, आलं!" गुरुजी मला म्हणाले, "विहिरीवाल्या बाबाचे बी डोळे म्हातारपणी गेलते. त्यानं म्हणं जेवण सोडलं. मी काय सोडत न्हाई, तुझ्या काकूच्या हातचं पिठलं लई बरं असतंय." मी हसले, आणि फोन ठेवल्यावर खूप रडले.

गेल्या वर्षी फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. खिडक्यांना पडदे. "किती भरली?" बिनदिक्कत सांगून टाकलं, "सोळा." गुरुजी म्हणाले, "बराबर. जप स्वतःला."

पुढच्याच महिन्यात ते गेले. दहाव्याला मी गावी गेले तेव्हा काकूंनी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. अलीकडची पानं काकूंच्या अक्षरातली. शेवटच्या ओळीत कुरुंदा, शून्य. दिल्लीचा रकाना रिकामा.

"फोन लावायच्या आधीच टीव्हीवर सांगून राहिले होते, दिल्लीत धुळीचं वादळ हाय, सूर्य दिसून न्हाई राहिला," काकू म्हणाल्या. "मी म्हणलं, मग काहून लावता? तर म्हणाले, लेकीचा आवाज तर ऐकू."

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

यंदा मी रजा काढली. गच्चीवर गज रोवला. आभाळ स्वच्छ होतं, सावली साडेसोळा भरली. काकूंना फोन लावला. त्या एकट्याच विहिरीवर उभ्या होत्या.

"पाणी चमकलं माय," त्या म्हणाल्या. "पर आता घेर कोण काढणार?"

"मी काढते," म्हणाले आणि वही उघडली. गणित येत होतं मला. आकडे दिसेनात.