कप्प्यांची यादी

ग्रंथालयाचा सर्व्हर बंद पडला तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाची बायको जाऊन तीन आठवडे झाले होते. पडद्यावर सूचना होती: डिस्क रिकामी आहे, नव्याने कप्पे आखू का? ग्रंथपालबाईंचं बोट ‘हो’वर जाणार, तोच एरवी तोंडातून ब्र न काढणारा हा माणूस खेकसला, "हात लावाल तर खबरदार!"

बाई वरमल्या. "पण सगळंच गेलंय ना?"

"काही गेलेलं नाही. कुठला कप्पा कुठून सुरू होतो, ती यादी तेवढी पुसलीय. आता वर काही लिहिलंत, की मग खरंच गेलं."

घाईत चुकीची कळ दाबली जाऊ नये म्हणून तो विचार करताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. बायको त्यावरून हसायची. तासाभराने कप्प्यांच्या खुणा सापडल्या, त्याने यादी पुन्हा लिहिली आणि तीस वर्षांच्या नोंदी जागच्या जागी दिसू लागल्या. बाईंच्या जिवात जीव आला. त्याला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी घरी आला, तर सोबतीला आलेली बहीण घामाघूम. "दादा, वहिनीचं कपाट रिकामं केलं. सगळं देऊन टाकलं. कुठल्या कप्प्यात काय कोंबलंय, पत्ताच लागत नव्हता बाई. आता तुझे कपडे लावते."

कपाटात नवे कागद अंथरलेले होते.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि पलंगाच्या काठावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.