ज्यात मी ऐकू येत नाही असे इअरबड

इअरबड घेताना माणसं बॅटरी किती टिकते ते बघतात, कानातून पडतात का ते बघतात. माझ्या बायकोने एकच गोष्ट बघितली. त्यात मी ऐकू येतो की नाही.

हे घडलं बुलडाण्याला, बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत. मी पेशाने मास्तर. पण गावात लग्न असो, सत्कार असो, गणपतीपुढचा कार्यक्रम असो, माइक माझ्याच हातात असतो. मधेच वीज गेली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळत नाही, असा माझा घसा. दुकानदार मला ओळखत होता, म्हणून जरा जास्तच डबे उघडून बसला.

बायकोने पहिली वायरवाली जोडी कानात घातली आणि मला म्हणाली, "हं, बोला आता."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

मी आमच्या वरातीत घोडा कसा उधळला होता ते सुरू केलं. घोडा अजून पारावरच होता, तर तिने वायर काढली. "आयकू येऊन राह्यलं. दुसरं दाखवा भाऊ."

मग गळ्यात अडकवायचा पट्टा आला. "यातबी येऊन राह्यले हे. थोडे दूर गेल्यासारखे वाटते, बस." मग डोक्यावर बसवायचे मोठे हेडफोन आले. आरशात बघून ती स्वतःच हसली. "हा मुकुट घालून मेथी खुडू काय मी?"

शेवटी दुकानदाराने रबरी टोपण असलेले बारके इअरबड काढले. म्हणाला, "वहिनी, हे कानात बसले की बाहेर बँड वाजला तरी पत्ता लागत नाही. हे मशीनच बाहेरचा आवाज गिळते."

तिने ते बसवले, गाणं लावलं आणि डोळे मिटले. आता दुकानात मी मोकळा. मी दोन्ही हात पसरले. "मंडळी! ह्या बाईंच्या हातचं वरण म्हणजे काय सांगू! त्यात डाळ शोधायला मी एकदा बॅटरी घेऊन उतरलो होतो!" दुकानदार काउंटरवर वाकून हसला. एका गिऱ्हाइकाला हसता हसता ठसका लागला. बायको मात्र मंद हसत मान डोलावत होती.

"हेच द्या," ती म्हणाली.

सगळ्यांत जास्त मी हसलो. पण परतीच्या जीपमध्ये ते मला आठवत राहिलं. मी हातभर अंतरावरून तिच्या तोंडावर ओरडत होतो आणि तिचा चेहरा हललाही नव्हता. भिंतीवरच्या फोटोशी बोलल्यासारखं. मानेवर बारीकसा काटा आला, मी तो झटकून टाकला.

तो काटा का आला, ते सांगायला आमची वाट सांगावी लागेल. आमचं गाव घाटाच्या रानाला लागून आहे. मळा नाल्यापलीकडे. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे बाहेरची माणसं ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. मळ्यात जायच्या दोन वाटा. वरची टेकडीवरून, लांबची. खालची नाल्यातून, जवळची, दोन्ही बाजूंना घाणेरी आणि बोरीची झाडं. त्या नाल्यात मुक्याने चालायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. कोणी लिहून ठेवलेला नाही, पण लेकराला चालता यायला लागलं की हाच पहिला शिकवतात. काठी आपटायची, खाकरायचं, गाणं म्हणायचं, सोबत कोणी असेल तर भांडायचं. कारण बोरं पिकली की अस्वल खाली उतरतं. त्याला दिसतं कमी. खाली मान घालून खात बसलं की कशाचं भान नसतं. लांबून माणसाची चाहूल लागली तर ते आपलं आपण बाजूला होतं. चाहूल न लागता माणूस एकदम पुढ्यात आला, तर मात्र ते पळत नाही. अंगावर येतं, आणि थेट तोंडावर. आमच्या भागात एक-दोन चेहरे असे आहेत, ज्यांच्याकडे बघताना आपण त्यांच्या खांद्याकडे बघतो.

आणि आमची बाई रोज सकाळी त्याच नाल्यातून जाणार, कानांना बुचं लावून.

सुरुवातीला घरातच चटके बसले. कुकर शिट्ट्या मारून थकला, दूध उतू गेलं. शेजाऱ्याची मारकी म्हैस दावं तोडून बायकोच्या पाठीशी येऊन उभी राहिली. मी "सरक! सरक!" म्हणून ओरडतोय आणि ही आपली निवांत धुणं पिळतेय. म्हशीलाच बहुतेक अपमान वाटला, ती निघून गेली. मी मात्र तिथेच ओट्यावर बसलो.

मी म्हणालो, "नाल्यात तरी काढत जा वो ते."

"हाव, हाव."

"हाव नाही. अस्वल आलं तर?"

"तुमचं अस्वल?" ती म्हणाली. "लग्न झालं तवा ते कुत्र्यायेवढं होतं. आता बैलायेवढं झालं. अजून चार वर्सं सांगत राह्यले तर घरात मावाचं नाही."

लोकांना भिववायचे कार्यक्रम मी आयुष्यभर हौसेने केले आहेत. त्यातले काही बिदागी घेऊन.

मग ती सकाळ आली. थंडीचे दिवस, शाळेला सुट्टी, धुकं इतकं की अंगणातली तुळस पुसट दिसत होती. भाजीची गाडी लवकर यायची होती, म्हणून बायको टोपलं घेऊन पुढे गेली. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात वरच्या वाटेने शेजारचे आबा आले. वयस्कर माणूस, कधी घाई न करणारा. आज मात्र उपरणं हातात आणि श्वास वर.

"मास्तर, आज नाल्यानं नोका जाऊ."

"काऊन?"

"वळणावरच्या बोरीखाली बसली हाय ते. दोन पिल्लं हायेत संगं, पाठीवर. मी वरून पाह्यलं." मग त्यांनी आत डोकावलं. "सूनबाई कुठी हाय?"

कप माझ्या हातात राहिला की खाली पडला, ते मला आजही सांगता येत नाही. पिल्लंवाली. एकटं अस्वल एक वेळ चुकवता येतं. पिल्लंवालीपुढे जाऊन उभं राहणं म्हणजे... ते वाक्य मी तेव्हाही पुरं केलं नाही.

मी फोन लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती, वगैरे. नाल्यात रेंज नसते. म्हणून तर ती घरीच गाणी उतरवून घेऊन जायची.

मी पळालो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बनियनवर शाल गुंडाळलेला मास्तर पळताना कसा दिसतो ते आबांना विचारा, ते अजून पारावर करून दाखवतात. एक चप्पल उतारावरच गेली. तोंडात काय काय येत होतं! सगळे देव आले, त्यातले काही आमच्या कुळाचेही नव्हते.

नाल्यात उतरलो तेव्हा ती दिसली. विरळ झालेल्या धुक्यात लाल शाल आणि कमरेवर टोपलं. चांगली पुढे. आणि तिच्याही पुढे, वळणावर, बोरीखाली एक काळा ढीग. आधी वाटलं खडक असेल. मग तो खडक हलला.

मी हाक मारली. माझा सगळा घसा, सगळी छाती, सत्कारांत आणि वरातींत कमावलेलं सगळं त्या एका हाकेत घातलं. टेकडीवरून माझा आवाज परत आला. झाडावरची पाखरं उडाली. ती वळली नाही, आणि तिच्याही पुढच्या त्या ढिगाने खाण्यातली मान वर केली नाही. पुन्हा ओरडलो, पुन्हा. लाल शाल तशीच लयीत पुढे जात होती. शेवटी एक ढेकूळ उचलून फेकलं, ते घाणेरीत पडलं. दुसरं उचलायला वाकलो आणि तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. घसा बसला होता.

धावायचं म्हटलं तर मधे गोटे. एक पाय अनवाणी. तिच्यातलं आणि त्या ढिगातलं अंतर कमी होतंय आणि माझ्यातलं आणि तिच्यातलं होत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आमच्या भागातले ते चेहरे डोळ्यांपुढे आले. या वेळी मला त्यांच्या खांद्याकडे बघता येईना.

आणि तेवढ्यात ती गायला लागली.

आधी गुणगुण. मग शब्द. मग कडवं सुरू झालं तसा खुला गळा. कान बंद असलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. कुठलं तरी जुनं सिनेमातलं गाणं होतं, सूर एकीकडे, ती दुसरीकडे. वरची पट्टी आली तेव्हा तिने मागेपुढे न बघता उडीच घेतली. लग्न झाल्यापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. कधी ऐकणार? घरात बोलणारा मी एकटाच.

काळा ढीग उठला. मागच्या पायांवर उभा राहिला. छातीवरचा पांढरट पट्टा मला दिसला, इतकं धुकं तिथे विरळ होतं. नाक वर करून तो तिच्या दिशेला डुलत होता. मी होतो तिथेच थांबलो. ती मान खाली घालून, गोटे चुकवत, गात चालली होती.

मग अस्वलीण खाली टेकली. पिल्लं पाठीवर चढली, एक घसरलं, पुन्हा चढलं. आणि ती वळून चढणीला लागली. घाणेरी मोडल्याचा आवाज आला, दोन गोटे गडगडत नाल्यात पडले, आणि संपलं.

मी कसाबसा जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने अशी किंकाळी फोडली की मीच मागे पडलो.

"अवो! जीव गेला असता ना माहा! असं येते काय कोनी मागून?" मग माझ्याकडे नीट बघितलं. बनियन, एक चप्पल, डोळ्यांत पाणी. तिने एक इअरबड काढला. "काय झालं? बोला ना."

मी तोंड उघडलं. हवा. मी बोट दाखवलं. बोरीखाली माती उकरलेली, चावून टाकलेल्या बोरांचा चिखल, आणि ओल्या रेतीत पंजे. मोठे, आणि त्यांच्या शेजारी अगदी लहान, लेकराच्या तळव्याएवढे.

ती बघत राहिली. टोपलं खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी हळूच बसली. दुसरा इअरबडही काढला. तिला इअरबडच्या डबीचं झाकण लागेना. मी हात लावला. मलाही लागेना, दोघांना मिळून जमलं.

मग तिने बारीक आवाजात विचारलं, "मी मोठ्यानं गाऊन राह्यली होती काय?"

मी मान हलवली.

"कोनी आयकलं?"

मी चार बोटं दाखवली. एक माझं, एक त्या अस्वलीणबाईचं, दोन पिल्लांची. तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

आता परत जायचं तर मागे तोच नाला. पुढे जायचं तर त्याच चढणीच्या शेजारून, जिच्यावर ती तिघं गेली होती. मळा पुढे जवळ होता. आम्ही पुढे निघालो, एकमेकांना चिकटून. माझ्या घशातून आवाज निघत नव्हता, म्हणून मी तिला कोपराने ढोसलं. गा.

"तुमच्यासमोर?"

मी पुन्हा ढोसलं.

ती गायली. आता कान उघडे होते, त्यामुळे आवाज लहान आणि भित्रा. मी दोन गोटे एकमेकांवर आपटत चाललो होतो, मान सतत मागे. घाणेरीत पाखरू हललं तरी दोघं थांबत होतो. वळण ओलांडलं, आणि ती एकदम गप्प झाली.

"काय?" मी कुजबुजलो. घशातून आलेला तो पहिला शब्द.

"पुढचं कडवं आठवत नाही."

"तेच म्हण," मी म्हणालो. "थांबू नको. तेच म्हण."