सोलापुरात गारठलेलं इंजिन

आमच्या घरात गाडी मिस्टरांची आणि गाड्यांचं ज्ञान माझं, अशी वाटणी लग्नापासून आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिकवते. दिवसभर पोरांकडून इंजिनं खोलून घेते, जोडून घेते, चुकली की चारचौघांत झापते. पण घरी आले की दारातल्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही. "घरी तरी हात काळे करू नकोस की," असं मिस्टर म्हणतात. ते कॉलेजच्या ऑफिसात आहेत, त्यांचे हात स्वच्छ असतात. गाडीचं काही निघालं की ते आपल्या शाळेतल्या दोस्ताच्या गॅरेजला नेतात. मीही कधी भांडले नाही. घरी आल्यावर मलाही कंटाळा येतोच.

यंदा दिवाळी झाली आणि गाडी बिघडली. धावायला ठीक, पण जागेवर उभी केली की मिसिंग. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की सगळी गाडी गदगदा हलायची, गचके द्यायची आणि सिग्नल सुटताना नेमकी बंद पडायची. मागून हॉर्न. मागे काळा धूर. पेट्रोलचा वास तर इतका की आमच्या कपड्यांना यायचा. पेट्रोल किती पीत होती ते मिस्टर मला सांगत नव्हते, यावरूनच मी काय ते समजले.

दोस्ताने आधी प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ केले. मग कॉइल बदलली. शेवटी हात पुसत म्हणाला, "वहिनी, इंजिन उतरवायला लागतंय की." त्यापेक्षा विकून टाकलेली बरी, असं मिस्टरांनी ठरवलं. जुन्या गाड्या घेणारा एजंट रविवारी येणार होता. दुसरी गाडी घ्यायची का, असं मी विचारलं तर म्हणाले, "कशाला? दोघांना स्कूटर बास की."

दोघांना. तो एक शब्द मला लागला. कारण त्या गाडीत तिसरं माणूस बसायचं, ती माझी आई.

आई सांगोल्याला एकटी असते. दिवाळीत आणि मग संक्रांतीला ती आमच्याकडे यायची. गड्ड्याच्या जत्रेत जाऊन बांगड्या भरायच्या, पाळण्याकडे बघत उभं राहायचं, पण पाळण्यात बसायचं नाही, आणि होळीपर्यंत माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत राहायचं, असा तिचा कार्यक्रम. तिला आणायला मिस्टरच जायचे, हौसेने जायचे. पण गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. दिवाळीत मी आईला आणायचा विषय काढला तर म्हणाले, "एसटीनं येऊ देत की." आईचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. ती आलीच नाही. माझ्या मनात गाठ बसली. वीस वर्षांनी का होईना, सासू जड झाली म्हणायची. आता गाडीच गेली की विषय कायमचा मिटला. आई काही परत आमच्या दारात येत नव्हती.

शनिवारी मला सुट्टी आणि त्यांना ऑफिस होतं. सकाळी मी किल्ली मागितली. "उद्या जाणारच आहे ती. आज मला बघू द्या."

"आता काय बघणार? दोस्तानं सगळं बघितलंय."

"त्यानं बदललंय. बघितलेलं नाही."

किल्ली टेबलावर ठेवून ते गेले.

मी पोरांना पहिल्या दिवशी सांगते, आधी नाक, मग डोळे, मग हात. पाना सगळ्यात शेवटी. आमचे मेकॅनिक उलटे चालतात, म्हणून लोकांचे पैसे जातात. गाडी होटगी रोडने लांबवर फिरवून आणली. दारात उभी करून इंजिन चालू ठेवलं. नाकाने सांगितलं, पेट्रोल पूर्ण जळत नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, बोट काजळ घातल्यासारखं काळं. मग प्लग काढले. नवे प्लग, पण चारही तव्याच्या बुडासारखे काळे, कोरडी काजळी. आणि चारही सारखेच काळे. इथे मला हसू आलं, कारण अर्धं काम झालं होतं. एकच प्लग काळा असता तर त्या एका सिलेंडरमध्ये खोट शोधायची. चारही पोरं एकदम आजारी पडली तर पोरांना तपासत बसायचं नाही, डब्यात काय आलं होतं ते बघायचं. पेट्रोल सगळीकडेच जास्त जात होतं, म्हणजे हुकूमच तसा होता.

एअर फिल्टर काढला, स्वच्छ. प्लग पुसून परत बसवले, स्कॅनर लावला आणि गाडी पुन्हा बराच वेळ चालवली. इंजिनच्या पाण्याचं तापमान पन्नाशीच्या पुढे सरकेना. एवढं फिरल्यावर ते नव्वदच्या आसपास पाहिजे. समोरच्या मीटरचा काटाही तळाला पडून होता. खरं तर तो कोणालाही दिसला असता, पण काटा वर गेला की लोक घाबरतात, खाली असला की खूश होतात.

इंजिन गार असलं की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. त्याला वाटतं, आत्ताच उठलंय, अजून अंगात ऊब नाही. ऊब आली की तो हात आखडता घेतो. इथे ऊब येतच नव्हती, म्हणून तो बिचारा दिवसभर पाजतच होता. मग आठवलं, उन्हाळ्यात ही तक्रार नव्हती. मे महिन्यातलं आमचं ऊन इंजिनलाही पुरून उरतं. थंडी पडली आणि दुखणं वर आलं.

आता प्रश्न एकच राहिला. तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय की इंजिन खरंच गार आहे? त्याला स्कॅनर लागत नाही. इंजिनकडून रेडिएटरकडे पाणी नेणारा रबरी होज मी मुठीत धरला. हात भाजायला हवा होता. आरामात धरून उभी राहिले. इंजिन खरंच गारठलेलं होतं, आणि तेही सोलापुरात.

रेडिएटरचा पंखाही किल्ली फिरवल्यापासून गरगरत होता. वायर बघितली तर किल्लीच्या वायरीवरून सरळ जोडलेली, मध्ये काही नाही. एव्हाना मला पुढचं कळलं होतं. तरी इंजिन निवल्यावर थर्मोस्टॅटचं झाकण खोललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. रिकामं.

हा थर्मोस्टॅट म्हणजे वाटीएवढा दरवाजा. इंजिन तापेपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की उघडतो. आमच्याकडे गॅरेजवाले तो काढून फेकतात. "एवढ्या उन्हात हे कशाला? गाडी थंड राहू दे की," असं म्हणतात, आणि गिऱ्हाईकाला ते पटतं, कारण ऊन त्यालाही लागलेलं असतं. दरवर्षी नव्या बॅचला मी पहिल्याच आठवड्यात यावरून घसा फोडते. आणि हे माझ्या घरात, माझ्या दारात! माझं डोकं सणकलं. दोस्ताने केलं असेल, पण सांगितल्याशिवाय तो करणार नाही.

दुपारी मिस्टर जेवायला आले. मी ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी वाढली आणि ताटाशेजारी ते रिकामं झाकण ठेवलं.

"यातलं सामान कुठाय?"

त्यांनी झाकणाकडे बघितलं. घास खाली ठेवला. "मीच काढायला सांगितलं," म्हणाले.

"कधी?"

"तुझ्या आईला घेऊन येताना गाडी तापली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मे महिन्यात आईला मुद्दाम आंब्यांसाठी आणत होतो, ती दुपार मला पाठ होती. मंगळवेढा सोडल्यावर बॉनेटमधून वाफा आल्या. रस्त्यावर झाड नाही, माणूस नाही. बंद गाडीत आईला चक्कर आली. मी ओढणीने वारा घालत होते, मिस्टर पाण्यासाठी पळत होते. मग एका टेम्पोवाल्याने आम्हाला दवाखान्यात सोडलं, आईला सलाईन लागलं आणि दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या चहाला नावं ठेवत होती. ही गोष्ट मी नातेवाइकांत हसत हसत सांगायचे. मिस्टर तेव्हा उठून जायचे, हे मला आत्ता आठवलं.

"तू हाका मारत होतीस," ते म्हणाले, "आणि त्या ओ देत नव्हत्या. मला वाटलं संपलं. मी दोस्ताला म्हटलं, काय पण कर, ही गाडी परत तापता कामा नये."

"मग झाली की थंड. तरी आईला एसटीनं का?"

"तरी भरवसा वाटंना. त्यांना परत मागं बसवायची माझी छातीच होईना."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली. "मला वाटत होतं, तुम्हाला आई नकोशी झाली."

"काहीतरीच काय बोलतीस!" असं ते इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या बाई खिडकीत आल्या.

मग मी त्यांना समोर बसवून शिकवलं, अगदी नव्या बॅचसारखं. त्या दिवशी गाडी तापली ती या दरवाजामुळे नाही. पंखा चालू करणारी रिले जळली होती, अजून तशीच बसवलेली आहे, म्हणून पंखा लागलाच नाही. दोस्ताने रिले बदलायच्या ऐवजी पंखा डायरेक्ट केला आणि वर तुमच्या सांगण्यावरून दरवाजा काढला. तुम्ही तापायचं भय घालवलं आणि इंजिनला सर्दी लावली. "म्हणजे इंजिन उतरवायचं न्हाय?" त्यांनी विचारलं. मी नुसतं बघितलं. नापास होणाऱ्या पोराकडे बघते तसं.

थर्मोस्टॅट, रिले, नवं कूलंट, सगळं त्याच दुपारी आणून बसवलं. वायर पूर्वीसारखी केली. प्लग घासून साफ केले. इंजिन गरम झाल्यावर जागेवर चालू ठेवून वर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. पाणी थोडं थरथरलं, सांडलं नाही. मिस्टरांनी एजंटला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही सांगोल्याला निघालो. चालवत तेच होते. शहराबाहेर पडतोय तोवर काटा तळ सोडून वर यायला लागला आणि त्यांचे हात स्टेअरिंगवर आवळले. "चढला बघ काटा."

"चढू द्या. मध्यावर जाऊन थांबेल."

मध्यावर जाऊन थांबला. तरी मंगळवेढा येईपर्यंत ते रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होते.

आई पिशवी भरून ओट्यावर बसली होती. मी फोन केला नव्हता, त्यांनी केला होता. मागचं दार त्यांनीच उघडलं, पाठीशी उशी दिली, पाण्याच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, आणि गाडीत बसल्यावर वरचा आरसा हाताने वळवला. आई नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत डोळे मिटून मान टाकून पडली. काटा मध्यावर होता. मिस्टर आता काट्याकडे बघत नव्हते, आरशात बघत होते. मी वाकून पाहिलं. आरशात मागचा रस्ता दिसतच नव्हता, आईचा चेहरा दिसत होता.

मंगळवेढ्याच्या पुढे, जिथे उन्हाळ्यात गाडी उभी राहिली होती तिथे त्यांनी वेग कमी केला. परत आरशात बघितलं.

"जागी हाय मी, जावईबापू," आई डोळे न उघडता म्हणाली. "तुमी म्होरं बगा की."

मिस्टरांनी हात वर करून आरसा सरळ केला.